नवं ठाण, अनोळखी पाणी: तट्टूच्या पहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदी

१ नोव्हेंबर, येण्याआधी दोन दिवस

तट्टू परवा येणार. ११ वर्षांचं, खच्ची केलेलं, उंची ११८ सेंमी, खुरांना नाल नाही. जुन्या ठाणावर जाऊन मापं घेतली. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर १३६ सेंमी, खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी १२८ सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे साधारण १९९ किलो. श्वास सोडल्यावर फीत ओढायची. फितीत १ सेंमी चूक झाली तर वजनात जवळजवळ ३ किलोंचा फरक पडतो, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा धरला. अंगावर मांस चांगलं आहे, ९ पैकी ६. बरगड्या दिसत नाहीत, हाताला लागतात.

या वजनावरून पुढचे सगळे आकडे ठरतात. कोरडा चारा वजनाच्या २ टक्के धरला तर ४ किलो. वाळलेल्या गवतात ८८ टक्के कोरडा भाग धरला, म्हणजे काट्यावर ४.५ किलो गवत. दीड टक्का ही खालची रेषा, म्हणजे ३.४ किलो. त्याखाली जाऊ द्यायचं नाही. पाणी दर किलो वजनामागे ४० ते ६० मिली, म्हणजे दिवसाला ८ ते १२ लिटर. उन्हात किंवा घाम आल्यावर याहून जास्त लागेल.

जुन्या ठाणावरून दोन गोष्टी आणायच्या: तिथलं गवत आणि तिथलं पाणी. गवत तीन दिवस पूर्ण जुनं, मग दर तीन दिवसांनी एक चतुर्थांश नवं वाढवत न्यायचं, या हिशेबाने ३४ किलो लागतं. मागवलं ५० किलो, कारण जनावर आजारी पडलं किंवा खायला अडलं की बदल पुढे ढकलावा लागतो आणि नेमकं तेव्हाच जुनं गवत संपलेलं असतं. पाणी ६० लिटर, स्वच्छ झाकणाच्या कॅनमध्ये, सावलीत. त्याची नेहमीची बादलीही मागून घेतली. तिचा वास, रंग, कडीचा आवाज त्याच्या ओळखीचा आहे.

आणखी विचारून घेतलं: पाणी बादलीतून प्यायचं की हौदातून, गवत जमिनीवर की जाळीत, दाणा काय आणि किती, शेजारी कोण, जंतांचं औषध कधी दिलं, दात शेवटचे कधी तपासले. दातांचं नक्की उत्तर मिळालं नाही. दाणा नव्हताच. पाणी विहिरीचं, बादलीतून. इथलं पाणी नळाचं, क्लोरीन घातलेलं.

ठाण ३ बाय ३ मीटर. १५ लिटरच्या दोन बादल्यांना आतून लिटरच्या खुणा केल्या: एक एक लिटर ओतायचं आणि रेघ मारायची. तिसरी बादली ठाणाबाहेर पाणी भरून ठेवायची, तिच्यातलं जेवढं आटेल तेवढं रोजच्या मोजणीतून वजा. लटकवायचा काटा, थर्मामीटर, स्टेथोस्कोप, वही. विलगीकरण तीन आठवडे. सर्वांत जवळचा घोडा १२ मीटरवर: दिसेल, पण नाकाला नाक लागणार नाही.

३ नोव्हेंबर, पहिला दिवस

दुपारी २:१० ला उतरलं. प्रवास ५ तासांचा. तापमान ३८.२, नाडी ५२, श्वास २०. तासाभराने नाडी ४४, श्वास १४. उतरल्याबरोबर घेतलेले आकडे प्रवासाचे असतात, खरे आकडे तासाभराचे. दोन्ही लिहून ठेवायचे, कारण तासानंतरही नाडी उतरली नाही तर तीच पहिली खूण असते.

दहा मिनिटं दोर धरून चालवलं, डोकं खाली घेऊ दिलं. प्रवासात मान वर बांधलेली असली की नाकातला आणि श्वासनळीतला मळ बाहेर पडत नाही, फुप्फुसाकडे सरकतो. म्हणून पुढचे काही दिवस तापमान सकाळ-संध्याकाळ घ्यायचं आणि गवत जमिनीवरच द्यायचं. टांगलेली जाळी या आठवड्यात नको.

दाणा किंवा भुश्शाची ओली मॅश दिली नाही. थकून आलेल्या जनावराला काहीतरी मऊ, गोड द्यावं असं मनात येतं, पण ज्या आतड्याने कधी भुसा पचवला नाही त्याला प्रवासाच्याच दिवशी तो देणं म्हणजे एका ओझ्यावर दुसरं. गवत आणि पाणी एवढंच.

१ किलो जुनं गवत दोन ढिगांत. एक दाराजवळ, एक मागच्या भिंतीशी. दाराजवळचं खाल्लं, मागच्याला तोंडही लावलं नाही. बादली मागच्या कोपऱ्यात टांगलेली. वास घेतला, फुरफुरलं, परत दाराशी. रात्री १० पर्यंत पाणी १.१ लिटर. लीद दोनदा, पहिली सैल. घाबरल्यावर अशी होते, त्यावर औषध नको. खिंकाळणं बरंच, भिंतीलगत फेऱ्या.

चूक: रात्री १० ला बादली भरताना कॅनऐवजी नळाचं पाणी घातलं गेलं. सकाळी लक्षात आलं. कॅनला आणि नळाला वेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावल्या.

४ नोव्हेंबर

मोजणीचा दिवस दुपारी २ ते दुपारी २ असा धरला आहे. पहिल्या २४ तासांत गवत २.१ किलो, पाणी ३.४ लिटर. दोन्ही कमी.

तापमान सकाळी ३७.६. नाडी ४४. हिरड्या गुलाबी, पण बोटाला किंचित चिकट. दाबून सोडल्यावर रंग परत यायला २ सेकंद, म्हणजे अगदी काठावर. मानेच्या कातडीची चिमूट यापेक्षा कमी भरवशाची: म्हाताऱ्या किंवा रोडावलेल्या जनावरात पाणी पुरेसं असूनही ती सावकाश बसते, लठ्ठात कमी असूनही पटकन. हिरड्या आणि लीद यांच्यावर जास्त विश्वास. लीद ५ वेळा, गोळ्या लहान, फोडल्यावर आत कोरड्या. पोटाचे आवाज चारही जागी आहेत, डावीकडे वर मंद.

तट्टूच्या बाबतीत हे का गंभीर धरायचं, ते इथे लिहून ठेवतो, कारण रात्रपाळीला नवीन माणूस आहे. पाणी कमी आणि कोरडं गवत चालू, की मोठ्या आतड्यात चारा घट्ट बसतो आणि पोट दुखायला लागतं. हे कुठल्याही घोड्याला होतं. तट्टूला याशिवाय दुसरा धोका असतो. खाणं बंद झालं की त्याचं शरीर साठवलेली चरबी मोठ्या प्रमाणात रक्तात सोडतं, यकृताला ती पेलत नाही. याला हायपरलिपिमिया म्हणतात. लठ्ठ तट्टू, ताण आणि उपास हे तिन्ही एकत्र आले की हमखास जागा. अशा वेळी ‘भूक लागली की खाईल’ हे वाक्य तट्टूपुढे चालत नाही. भूक मरते हेच त्या आजाराचं पहिलं लक्षण आहे, आणि उपास लांबला की ती आणखी मरते.

दारावर लावलेल्या मर्यादा, यांपैकी काहीही झालं की वाट न बघता पशुवैद्यांना फोन: १२ तास गवताला तोंड नाही. २४ तासांत ४ लिटरपेक्षा कमी पाणी (गवतातलं धरून). १२ तास लीद नाही. तापमान ३८.६ किंवा वर. शांत उभं असताना नाडी ४८ च्या वर राहते. ६० च्या वर गेली तर तातडीने. पाय खरवडणं, कुशीकडे वळून बघणं, पुन्हा पुन्हा बसणं-उठणं, वरचा ओठ मुडपणं.

पाण्याची मर्यादा आजच ओलांडली आहे. दुपारी फोन केला, ते उद्या सकाळी येतील. तोपर्यंत काही बिघडलं तर लगेच.

केलेले बदल:

बादली मागच्या कोपऱ्यातून काढून दाराच्या बाजूला, जमिनीवर, जुन्या टायरमध्ये बसवली. कोपऱ्यात पाणी पिण्यासाठी त्याला मोकळ्या जागेकडे पाठ करून डोकं खाली घालावं लागत होतं. अनोळखी जागी कुठलंही भक्ष्य-जनावर ते सहज करत नाही. आता पिताना दोन्ही कान आणि एक डोळा बाहेर राहतो.

दोन बादल्या शेजारी शेजारी: एकीत विहिरीचं, दुसरीत नळाचं पाणी. अर्ध्याच भरायच्या, म्हणजे बदलताना जुनं पाणी वाया जात नाही. दर ६ तासांनी जागांची अदलाबदल, नाहीतर पाणी आवडतंय की जागा ते कळत नाही.

गवत भिजवायला सुरुवात. १ किलो गवत जाळीत भरून १० मिनिटं बुडवायचं, टांगून पाणी ठिबकणं थांबू द्यायचं, मग जमिनीवर पसरायचं. १ किलोचं २.४ किलो झालं, म्हणजे दर किलोमागे १.४ लिटर पाणी गवतातूनच पोटात. उरलेलं ओलं गवत काट्यावर घालून २.४ ने भागायचं की कोरडा आकडा मिळतो. गरम हवेत ओलं गवत काही तासांत आंबतं. प्रत्येक खेपेला नवं.

दोन बदल एकदम केले, त्यामुळे जागेने किती फरक पडला आणि ओल्या गवताने किती, हे सांगता येणार नाही. आज ते कळण्यापेक्षा पाणी पोटात जाणं महत्त्वाचं.

मीठ अजून नाही. मीठ दिलं की तहान लागेल, हे खरं, पण प्यायला सुरुवातच झालेली नसताना सिरिंजने मिठाचा लगदा तोंडात घातला तर ते मीठ आतड्यात उलट शरीराचंच पाणी ओढून घेतं.

५ नोव्हेंबर

२४ तासांत गवत २.९ किलो (कोरडं मोजून). बादलीतलं पाणी ४.६ लिटर, गवतातून ४.१, एकूण ८.७. बादलीतल्या ४.६ पैकी विहिरीचं ३.९, नळाचं ०.७. जागा बदलूनही पसंती बदलली नाही. नळाच्या पाण्याचा वासच आडवा येतो आहे.

पशुवैद्य सकाळी येऊन गेले. पोटाचे आवाज सुधारले आहेत. चरबी बघायला रक्त घेतलं. नळी उभी ठेवल्यावर वरचा द्रव स्वच्छ पिवळसर दिसला. दुधाळ दिसला असता तर तिथेच काळजीचं कारण होतं. संध्याकाळी अहवाल आला, ट्रायग्लिसराइड मर्यादेत. नळीने पोटात पाणी सोडायची गरज नाही, चालू आहे ते चालू ठेवायचं.

घेर आज १३४, म्हणजे सूत्राने १९३ किलो. ही ६ किलोंची घट चरबीची नाही, आतड्यातला चारा आणि पाणी कमी झाल्याची आहे. ती भरून काढायला दाणा वाढवायचा नसतो.

एक बारीक निरीक्षण कामाचं ठरलं: समोरच्या घोड्यापुढे गवत पडलं की हेही खायला लागतं. आजपासून दोघांना एकाच वेळी गवत, आधी समोरच्याला, मग इकडे. कपडे, हात, बादल्या, खरारा सगळं वेगळं आणि काम नेहमी आधी जुन्या घोड्याचं, शेवटी याचं. स्ट्रँगल्सचे (घोड्यांचा संसर्गजन्य आजार: ताप, नाक गळणं, जबड्याखाली गाठी) जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला ३ ते १४ दिवस लागू शकतात, आणि ताप नाक गळण्याच्या एक-दोन दिवस आधी येतो. तो वेळीच सापडला तर दुसऱ्याला लागण होण्याआधी थांबवता येतं. थर्मामीटर दिवसातून दोनदा घालायचं मुख्य कारण हेच. नळाची पाइप बादलीतल्या पाण्याला टेकू द्यायची नाही. एका बादलीतले जंतू दुसऱ्या बादलीत जायचा तो सगळ्यात दुर्लक्षित रस्ता आहे.

६ नोव्हेंबर

गवत ३.४. पाणी ५.२ + ४.८ = १०. लीद ७, ओलसर, पडल्यावर फुटते. हिरड्या ओल्या, दीड सेकंद. फेऱ्या मारणं थांबलं, दुपारी एक पाय सैल सोडून उभ्या उभ्या झोप काढली.

आजपासून विहिरीचं तीन भाग, नळाचं एक भाग. दोन दिवसांनी निम्मं-निम्मं, आणखी दोन दिवसांनी एक भाग-तीन भाग. नळाचं पाणी आदल्या रात्री उघड्या घमेल्यात काढून ठेवायचं, वास काहीसा कमी होतो.

मीठ सुरू: १९९ किलोंच्या जनावराला रोज साधारण १० ग्रॅम साधं मीठ पुरतं. आज ५ ग्रॅम, भिजवलेल्या गवताच्या पेलेटमध्ये (दाबून केलेल्या गोळ्या). पेलेट १०० ग्रॅम, पाणी ३०० मिली, पाऊण तास, बोटाने दाबल्यावर मधे कडक गाठ लागता कामा नये. कोरडे पेलेट घाईने खाल्ले की अन्ननळीत फुगून अडकतात, मग नाकातून हिरवट फेस येतो. तसं झालं तर चारा-पाणी दोन्ही काढायचं, डोकं खाली राहू द्यायचं आणि पशुवैद्यांना बोलवायचं. तोंडात पाइप घालून पाणी मारायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

मिठाचा दगड ठाणात आहेच, पण त्याला चाटून किती गेलं ते मोजता येत नाही.

७ आणि ८ नोव्हेंबर

गवत ३.५, ३.५. पाणी १०.३, १०.१ (गवतातलं धरून). मीठ १० ग्रॅम. तापमान सकाळी ३७.५ च्या आसपास, संध्याकाळी ३८.१. संध्याकाळचं अर्धा अंश जास्त असणं नेहमीचं आहे, म्हणून सकाळची तुलना सकाळशीच करायची.

पाणी नीट झालं तरी गवत ३.५ वर अडलं आहे. ठाण अनोळखी असल्याने खात नाही म्हणावं तर बाकी सगळं वागणं निवळलेलं आहे. उरलेलं गवत पसरून पाहिलं: पानं खाल्लेली, जाड काड्या बाजूला. त्यात अर्धवट चावलेल्या गवताचे सहा ओले बोळे, अंगठ्याएवढे. लीदेतल्या काड्या लांब, २ सेंमीच्या वर. तिन्ही खुणा दातांकडे बोट दाखवतात. खाताना डोकं डावीकडे कलवतं, हेही आजच नजरेत आलं. पहिल्या दिवसापासून तसंच असणार, पण तेव्हा सगळं घाबरण्याच्या खात्यात टाकलं गेलं.

नव्या गवताची मिसळ एव्हाना सुरू व्हायला हवी होती, ती थांबवली. चावायलाच त्रास होत असताना गवत बदललं तर खाणं कमी झाल्याचं कारण पुन्हा दुहेरी होईल.

९ नोव्हेंबर

गवत ३.४. दातांची तपासणी, गुंगी देऊन, तोंड उघडं ठेवायचा सांगाडा लावून. उजव्या बाजूच्या वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला धारदार टोकं, गालाच्या आतल्या बाजूला त्यांनी केलेली जखम. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीबाहेर सरकत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते. टोकं घासून काढली. सैल किंवा किडलेला दात नाही.

गुंगी पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे डोकं नेहमीच्या उंचीवर येऊन पावलं सरळ पडेपर्यंत, गवत समोर ठेवलं नाही; आज दोन तास लागले. गुंगीत गिळणं मंद असतं आणि घास अडकतो. ठाणातलं सांडलेलं गवतही आधीच झाडून काढायचं, ते विसरलं की बाकी काळजी फुकट.

१० आणि ११ नोव्हेंबर

१० ला दुपारपर्यंत गवत ३.१, तपासणीमुळे तास बुडाले. ११ ला ३.९, पहिल्यांदाच खालच्या रेषेच्या स्पष्ट वर. बोळे दोनच. गालाची जखम भरायला आठवडाभर लागेल, तोवर ओलं गवत चालू.

१० च्या दुपारपासून नव्या गवताची मिसळ: तीन भाग जुनं, एक भाग नवं. हाताने पिंजून एकजीव करायचं. वेगळे ढीग ठेवले तर आवडीचा संपतो, दुसरा पायाखाली जातो आणि मग एके दिवशी एकदम सगळं नवं खावं लागतं. आतड्यात चारा आंबवणारे जंतू त्या त्या चाऱ्याला सरावलेले असतात, त्यांची संख्या पालटायला एक ते दोन आठवडे लागतात. ‘गवतच तर आहे’ म्हणून हा भाग सर्रास टाळला जातो; दुसऱ्या शेतातलं, दुसऱ्या कापणीचं गवत आतड्याच्या दृष्टीने दुसरा चाराच आहे.

१२ नोव्हेंबर

आजपासून पूर्ण नळाचं पाणी. सकाळी ६ ते दुपारी १ बादलीतून फक्त ०.३ लिटर. आदल्या दिवसांत एवढ्या वेळात २ लिटरच्या आसपास जात होतं.

पहिला संशय साहजिकच पाण्यावर. पण काल रात्री तीन भाग नळाचं पाणी काही न कुरकुरता प्यायलं होतं, शेवटच्या चौथ्या भागाने इतका फरक पडू नये. दुसरं काय बदललं ते शोधलं: दोन्ही बादल्या सकाळी सुवासिक साबणाने घासल्या होत्या. तिसरी, आटणं मोजायची बादली साबणाशिवायची होती. तिच्यात तेच नळाचं पाणी भरून शेजारी ठेवली. चार तासांत तिच्यातून २.७ लिटर, साबणाच्या बादलीतून शून्य.

बादल्या खाण्याच्या सोड्याने घासून, चार वेळा खंगाळून उन्हात ठेवल्या. इथून पुढे बादली रोज फक्त पाणी आणि ताठ ब्रशने, बुळबुळीत थर बोटाला लागेनासा होईपर्यंत. साबण नाही. हा शोध लागला नसता तर आपण विहिरीचं पाणी आणत बसलो असतो. काही बदललं की त्याच वेळेचे इतर बदल आधी लिहून काढायचे.

१४ नोव्हेंबर

मिसळ निम्मी-निम्मी. ओलं गवत हळूहळू बंद: निम्मं भिजवलेलं, निम्मं कोरडं. गवत ४.३. बादलीतून ७.१, गवतातून ३, एकूण १०.१. गवतातलं पाणी कमी झालं तसं बादलीतलं आपोआप वाढलं. गेले दहा दिवस हेच बघायचं होतं. ओल्या गवताच्या आधाराशिवाय तहान आपली आपण भागवायला लागलं.

लीदेचा नमुना दिला: ताज्या लीदेतून, हवा काढून बंद केलेल्या पिशवीत, थंड जागी ठेवून, त्याच दिवशी. अहवाल १६ ला, ग्रॅममागे ३५० अंडी. औषध पशुवैद्यांनी वजनावरून ठरवून दिलं; वजन सूत्राचं धरलं, अंदाजाचं नाही, कमी मात्रेने जंत औषधाला निर्ढावतात. अंडी मोजून आतड्याच्या भिंतीत दडलेल्या लहान जंतांचा आणि पट्टकृमीचा पत्ता लागत नाही, हे धरूनच त्यांनी औषध निवडलं. पुढचे ७२ तास ठाणातच, लीद वेगळी टाकली.

१७ नोव्हेंबर

एक भाग जुनं, तीन भाग नवं. पूर्ण कोरडं. गवत ४.५. पाणी ९.६, सगळं बादलीतून. लीद ८. लघवी घट्टसर, गढूळ. घोड्याच्या लघवीत चुन्याचे कण असतात म्हणून ती गढूळच असते. अंथरुणावर पडल्यावर काही वेळाने तांबूस दिसते त्यालाही घाबरायचं कारण नाही. पडत असतानाच लाल-तपकिरी असेल तर मात्र फोन.

२० नोव्हेंबर

जुनं गवत कालच मिसळीतून संपलं. ५० पैकी साडेचार किलो उरलं, ते तसंच राखून ठेवलं. पोट बिघडलं तर परत जायला ओळखीचा चारा हाताशी असावा.

पहिल्यांदा चरायला: २० मिनिटं, एकट्याच्या छोट्या वाड्यात, आधी ठाणात पोटभर गवत खाल्ल्यावर. उपाशी पोटी सोडलं तर तेवढ्याच वेळात दुप्पट तोडतं. रोज १५ मिनिटं वाढवायची. गारठ्याच्या रात्रीनंतर स्वच्छ ऊन पडलं की गवताच्या बुडाशी साखर साठते. अशा दिवशी सोडायचं नाही. तट्टूच्या खुरात लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराची दुखरी सूज) व्हायला थोडं गवतही पुरतं. सोडण्याआधी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोट्याच्या मागच्या बाजूला बोटं ठेवून खुराकडे जाणाऱ्या धमनीचा ठोका बघायचा. निरोगी पायात तो शोधावा लागतो, सहज लागला आणि खूर गरम असेल तर चरणं त्याच क्षणी बंद.

२२ नोव्हेंबर

चरणं ५० मिनिटं. बादलीतलं पाणी ८.२ वर आलं. रात्रपाळीने लाल खूण केली आहे, सावधपणा योग्यच, पण इथे हरकत नाही: हिरव्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, दोन किलो गवतातून दीड लिटर आलं. लीद आणि हिरड्या पूर्वीसारख्या. चरणाऱ्या जनावराच्या बादलीचा आकडा ठाणबंद दिवसांशी ताडायचा नाही, वहीत चरण्याची मिनिटं शेजारी लिहायची.

ठाणातला आपोआप भरणारा पेला आज उघडला, बादली शेजारी तशीच. पहिल्यांदा पाते हाताने दाबून, पेला भरून दाखवला. पाणी सुटल्याचा आवाज झाला तशी मान झटकून मागे. तीन वेळा केल्यावर वास घ्यायला आलं, प्यायलं नाही. बादली काढायची घाई नाही. खरं तर थंडी संपेपर्यंत बादलीच ठेवावी. पेल्यातून किती प्यायलं ते कळत नाही, आणि या जनावराचं दुखणं दोन्ही वेळा आकड्यांतूनच सापडलं.

२४ नोव्हेंबर, २१ दिवस पूर्ण

सलग २१ दिवस तापमान ३८.४ च्या आत, नाक कोरडं, जबड्याखाली गाठ नाही. पशुवैद्यांनी तपासून विलगीकरण उठवलं. समोरच्या घोड्याशी आज कुंपणावरून भेट, एकत्र सोडायचं आठवडाभराने. त्या दिवशी गवताचे ढीग तीन, जनावरं दोन, ढिगांत किमान चार पावलांचं अंतर. पाण्याच्या जागा दोन, कोपऱ्यात एकही नाही. दबलेलं जनावर खाणं सोडण्याआधी पाणी पिणं सोडतं.

घेर १३५, म्हणजे १९६ किलो. त्याच्या अंगाला एवढं पुरे, वाढवायचं नाही. गवत ठाणात ३.९ किलो आणि चरणं ८० मिनिटं. पाणी बादलीतून ८.४, पेल्यातून पहिल्यांदाच दोन घोट. लीद ८. बोळे नाहीत. दातांची पुढची तपासणी सहा महिन्यांनी. तापमान यापुढे रोज एकदाच, सकाळी. पाण्याच्या रेघा मात्र दोन्ही वेळा वाचायच्या.